एसीच्या मागचं फुटबॉलएवढं पोळं आणि बाकीचे प्रश्न

गेल्या अंकात घराभोवतीच्या माश्यांवर दोन पानं लिहिली तेव्हा एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं, पण गांधीलमाशीचा विषय निघाला की प्रत्येकाकडे एक किस्सा असतोच, कोणाच्या मामाला गावी आंब्यावर चढताना चावलेली, कोणाच्या सोसायटीत गणपतीच्या मांडवात घुसलेली. यावेळची जवळजवळ सगळी पत्रं ठाणे आणि नवी मुंबईतली आहेत आणि त्यातली बरीचशी टॉवरच्या वरच्या मजल्यांवरून आलीत, म्हणून हे सदर अख्खं त्यांनाच देऊन टाकतोय.

आधी एक कबुली. मागच्या वेळी मी ‘डंख मारला की माशी मरते’ असं सरसकट लिहून गेलो आणि ऐरोलीच्या एका शिक्षिकाबाईंनी माझा कान धरला. बरोबर आहे त्यांचं. ते मधमाशीच्या कामकरीला लागू पडतं, तिच्या नांगीला उलटे काटे असतात, ती आपल्या कातडीत अडकते आणि माशी उडाली की पोटाचा तुकडा मागेच राहतो. गांधीलमाशीची नांगी तशी अडकून बसत नाही. ती एकदा, दोनदा, पाचदा डंख मारून परत घरी जाते आणि कामाला लागते. चूक माझी, सॉरी.

प्रश्न : घोडबंदर रोडला आमच्या नवव्या मजल्यावर, डक्टमध्ये एसीच्या आउटडोअर युनिटच्या मागे फुटबॉलएवढं पोळं आहे. मोठ्या काळ्या माश्या आहेत, पोटावर पिवळा-केशरी पट्टा. जूनमध्ये लिंबाएवढं होतं तेव्हा काहीच करायच्या नाहीत. आता मी कपडे वाळत घालायला गेले की एकच माशी येते, तोंडासमोर हातभर अंतरावर थांबते, बघते आणि परत जाते, बाकीच्या आपापल्या कामात. ही ठरलेली वॉचमन असते का? आणि कोणी काय काम करायचं हे त्यांना सांगतं कोण?

ताई, तुम्ही इतकं छान बघितलंय की अर्धं उत्तर तुमच्या पत्रातच आहे. वर्णनावरून ही वेस्पा ट्रॉपिका दिसतेय, ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात मी हिलाच जास्त पाहिलंय. काळं अंग आणि पोटावर एकच रुंद पट्टा ही खूण. इंग्रजीत हॉर्नेट म्हणतात त्या या, आपल्याकडे सगळ्या गांधीलमाश्याच, फार तर मोठी गांधील.

पहारा असतो. पोळ्याच्या तोंडाशी काही माश्या डोकं बाहेर करून बसलेल्या असतात आणि आत येणाऱ्या प्रत्येकीला मिशांनी तपासतात. प्रत्येक माशीच्या अंगावर मेणासारखा एक पातळ थर असतो आणि त्याचा वास त्या त्या पोळ्याचा असतो. वास जुळला की आत, नाही जुळला की धक्काबुक्की. आपल्या गेटवर ॲपमध्ये एंट्री टाकून तीनदा फोन लावणाऱ्या पहाऱ्यापेक्षा हे काम पुष्कळ झटपट होतं.

पण ‘ठरलेली वॉचमन’ असं नाही. वाळवीत सैनिक वाढता वाढता वेगळेच घडतात, मोठं डोकं, मोठे जबडे, दुसरं काम जमतच नाही त्यांना. गांधीलमाशीत तसा वेगळा सैनिक नसतो. आज तुमच्यासमोर येऊन घोंघावणारी माशी चार दिवसांपूर्वी कदाचित आत अळ्यांना भरवत असेल आणि उद्या पाणी आणायला जाईल. ढोबळमानाने असं दिसतं की कोषातून नुकतीच निघालेली कामकरी पहिले काही दिवस आतच असते आणि वय वाढलं की बाहेरची, जास्त धोक्याची कामं तिच्याकडे येतात, शिकार, लाकूड कुरतडून आणणं, पहारा. यामागचा हिशेब थोडा निष्ठुर आहे, जिचे थोडेच दिवस उरलेत ती गेली तर घराचं नुकसान कमी. मधमाश्यांत वयाप्रमाणे कामाचं टाइमटेबल बरंच कडक असतं, इथे ते सैल आहे, एकच माशी एका दिवसात तीन प्रकारची कामं करताना दिसू शकते.

आणि सांगतं कोण, तर कोणीच नाही. हे पटायला जड जातं, आम्हाला कॉलेजात शिकवलं तेव्हा मलाही गेलं होतं, पण तुमच्याच स्वयंपाकघरात बघा. कुकरच्या शिट्ट्या होत असतात. एखादीला दुसऱ्या शिट्टीलाच राहवत नाही, ती उठते, आणि एखादा पाच शिट्ट्या झाल्या तरी मोबाइलमधून मान वर काढत नाही. मग जी आधी उठते तीच रोज उठते आणि महिन्याभरात घरात ठरूनच जातं की गॅस बंद करणं हे तिचं काम. कोणी मीटिंग घेतली? नाही. आणि ती माहेरी गेली की पाच शिट्ट्यांवाला पण उठतोच, कारण आता शिट्टी थांबवणारं दुसरं कोणी नाही. पोळ्यात साधारण हेच चालतं. आत गरम व्हायला लागलं की जिला ते आधी जाणवतं ती पंख फडफडवून हवा घालायला लागते, तेवढ्याने भागलं नाही तर आणखी दोघी येतात, काही जणी पाणी आणून थेंब थेंब पसरतात. थंडी वाटली तर उडायचे स्नायू थरथरवून ऊब तयार करतात, विशेषतः कोषांजवळ. या धडपडीमुळे पिल्लांच्या भागातलं तापमान ३० अंशांच्या आसपास राहतं, आणि कुठेही थर्मोस्टॅट नाही. बाहेरून जो कागदी वेष्टणाचा फुटबॉल दिसतो तो म्हणजे लाकूड चावून लाळेत मळून केलेले थरावर थर आणि मध्ये कोंडलेली हवा, त्याचीही मदत होते.

सगळ्यात जोराची शिट्टी अळ्या वाजवतात, आणि हे मी उपमा म्हणून सांगत नाहीये. भूक लागली की गांधीलमाशीची अळी आपले जबडे खोलीच्या कागदी भिंतीवर खरवडते. इस्रायलमध्ये याकोव इशाय यांनी हा आवाज मोजून १९७२ साली त्यावर लिहिलं. अळ्या अशा खरवडायला लागल्या की मोठ्यांना चैन पडत नाही.

आता गंमत बघा. मोठ्या माशीची कंबर इतकी बारीक असते की घट्ट खाणं तिच्या पोटात जाऊच शकत नाही, ती फक्त पातळ पदार्थांवर जगते, फुलातला रस, झाडाचा चीक, पिकलेल्या फळाचं पाणी. म्हणजे ती जो किडा मारते, पाय-पंख तोडून गोळा करून आणते, तो तिला स्वतःला खाता येत नाही. तो अळीला. अळी ते प्रोटीन पचवते आणि बदल्यात तोंडातून एक थेंब देते, साखर आणि अमिनो आम्लांनी भरलेला, आणि मोठ्या तो पितात. जपानमध्ये ताकाशी अबे यांनी तिथल्या राक्षसी गांधीलमाशीच्या अळ्यांच्या या लाळेचा अभ्यास केला आणि त्यातल्या अमिनो आम्लांच्या मिश्रणावरून खेळाडूंसाठीचं एक पेयही बाजारात आलं. तर अळी ही नुसती पुढची पिढी नाही, ते घरातलं स्वयंपाकघर आहे, म्हाताऱ्या-कोताऱ्यांसकट सगळ्यांना जेवू घालणारं.

हे लक्षात आलं की तुमचा जूनचा प्रश्न सुटतो. जूनमध्ये लिंबाएवढ्या पोळ्यात एकटी राणी होती. तीच बांधणार, तीच अंडी घालणार, तीच शिकारीला जाणार. ती मेली की सगळं संपलं, म्हणून त्या दिवसांत ती भित्री असते, तुम्ही जवळ गेलात की बहुतेक वेळा ती निघून जाते, अंगावर येत नाही. पहिल्या कामकरी निघाल्या की राणी बाहेर जायचं जवळजवळ थांबवते आणि अंड्यांवर लक्ष देते. पावसाळा सरता सरता आत मजल्यावर मजले चढतात, प्रत्येक मजला खांबांनी वरच्याला टांगलेला, खोल्यांची तोंडं खाली, आणि त्यात अळ्याच अळ्या. आता गमावण्यासारखं खूप आहे आणि त्यासाठी जीव टाकणाऱ्याही खूप आहेत. माश्या त्याच जातीच्या आहेत, त्यांचा स्वभाव बदललेला नाही, घरातला माल वाढलाय.

तोंडासमोर येऊन थांबते ती सहसा इशारा द्यायला आलेली असते. हात झटकू नका, टॉवेल तर मुळीच नाही, तोंड तिच्याकडेच ठेवून सावकाश मागे व्हा आणि दार लावून घ्या. कपडे काही दिवस हॉलमध्ये वाळू देत, सासूबाईंना माझं नाव सांगा.

प्रश्न : मी सातवीत आहे, वाशीला राहतो. गांधीलमाश्यांचा राजा कोण असतो आणि तो लढतो का?

मित्रा, राजा नसतो. नर असतात, पण ते पोळं मोठं झाल्यावर, शेवटी शेवटी जन्माला येतात, त्यांना नांगी नसते आणि राखणीच्या कामात ते कुठेच नसतात. नांगी हा मुळात अंडी घालायचा अवयव, त्याचं पुढे हत्यार झालं, त्यामुळे ती फक्त माद्यांकडे. तुला आतापर्यंत जी कोणी चावली असेल ती बाईच होती. आणखी एक, वर्गात सांगायला: राणीने फलित न केलेल्या अंड्यातून नर होतो, फलित अंड्यातून मादी. म्हणजे गांधीलमाशीच्या नराला बाबा नसतातच, आजोबा मात्र असतात. नीट विचार कर, जमेल.

प्रश्न : खारघरच्या डोंगरात ट्रेकला गेलो होतो, आमच्यातल्या एकाने फांदी ओढली आणि एकदम वीस-पंचवीस माश्या आल्या. ज्याने फांदी ओढली त्याला दोन, आणि लांब उभ्या असलेल्या मुलीला सहा डंख. ती काळ्या जॅकेटमध्ये होती, हात हलवत ओरडत होती. तिने परफ्यूम लावला होता म्हणून, असं सगळे म्हणतात. खरं काय?

परफ्यूमचा संबंध असू शकतो, पण एकटा दोष त्याला देऊ नका.

आधी फांदी. पोळ्याला बसलेला हादरा हे त्यांच्यासाठी सगळ्यात मोठं संकट, कारण त्यांच्या जगात झाड हलवणारा म्हणजे पोळं फोडायला आलेला कोणीतरी. म्हणून गवत कापायचं मशीन, ड्रिल, पोळ्याच्या भिंतीवर ठोकलेला खिळा यांनी त्या खवळतात. मी स्वतः येऊरला, पाटोणापाड्याच्या बाजूला, एका पडलेल्या ओंडक्यावर बूट आपटून माती झाडत होतो, ओंडक्याच्या पोकळीत कोण राहतं हे मला मानेवर दोन डंख बसल्यावर कळलं. चाळीस वर्षं किड्यांवर बोलणारा माणूस. असो.

आता वास. डंख मारताना विषाबरोबर एक वास सुटतो तो बाकीच्यांना ‘इथे, इथे’ असं सांगतो. अलार्म फेरोमोन म्हणतात त्याला. मासातो ओनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानच्या राक्षसी गांधीलमाशीच्या विषातली ही रसायनं ओळखून २००३ साली ‘नेचर’मध्ये छापली, त्यात मुख्य होतं २-पेंटॅनॉल, आणि त्यांनी हेही नोंदवलं की यातली काही रसायनं खाण्याच्या पदार्थांतल्या फ्लेवरमध्ये आणि सुगंधी द्रव्यांत वापरली जातात. प्रत्येक जातीचं मिश्रण वेगळं असतं, त्यामुळे तुमच्या मैत्रिणीच्या बाटलीत नेमकं तेच होतं असं म्हणता येणार नाही. तरी डोंगरात जाताना अत्तर, डिओ, सेंटेड तेल टाळलेलं बरं.

पण मला तुमच्या पत्रात दुसरी एक ओळ जास्त महत्त्वाची वाटली, ती मुलगी ‘हात हलवत ओरडत होती’ आणि तिच्या अंगात काळं जॅकेट होतं. गडद रंग आणि जोरात हालचाल, दोन्ही त्यांना पटकन खेचतात. आणि पहिला डंख बसला की त्या जागेवर खूण लागते, पुढच्या तिथेच येतात, म्हणून एकालाच सहा आणि शेजारच्याला शून्य असं होतं. अशा वेळी चिरडू नका, मेलेल्या माशीतूनही तो वास सुटतो. डोकं-चेहरा झाकून सरळ लांब निघा, थांबायचं नाही, बघायचं नाही, व्हिडिओ तर नाहीच. पाण्यात उडी मारा वगैरे सिनेमातलं आहे, श्वास घ्यायला डोकं वर काढावंच लागतं.

प्रश्न : डंखावर लोखंड घासावं का? आमची आजी किल्ली घासते. (कळवा)

आजीला नमस्कार सांगा, किल्ली थंड असते तेवढाच काय तो फायदा, बर्फ त्यापेक्षा चांगला. साबण-पाण्याने धुवा, कापडात गुंडाळून बर्फ लावा, हाताला असेल तर सूज यायच्या आधी अंगठी-बांगड्या काढा. चुना, हळद, रॉकेल काही नको.

आता हे मात्र कापून फ्रिजवर लावा. जिथे डंख बसला तिथली सूज, आग, गांधी हे सगळं होणारच. पण डंख हाताला आणि अंगभर पित्त उठलं, ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, दम लागला, चक्कर आली, उलट्या झाल्या, तर ती ॲलर्जी आहे आणि अर्धा तास पण थांबायचं नाही, १०८ ला फोन किंवा मिळेल त्या रिक्षाने हॉस्पिटल. तिथे मांडीत ॲड्रेनालिनचं इंजेक्शन देतात, घरगुती उपायांचं हे कामच नाही. दुसरं, ॲलर्जी नसली तरी एकाच वेळी खूप डंख बसले असतील तर त्याच दिवशी ॲडमिट व्हा, कारण विषाने स्नायू आणि रक्तपेशी फुटतात, ते सगळं किडनीवर येतं आणि लक्षणं उशिरा दिसतात. लघवी कोऱ्या चहासारखी झाली तर गंभीर आहे असं समजा. २०१३ साली चीनच्या शाआन्शी प्रांतात काही महिन्यांत गांधीलमाश्यांनी ४० हून जास्त माणसांचा जीव घेतला आणि १,६०० हून जास्त जखमी झाले. घाबरवायला नाही सांगत, ‘माशीच तर चावली’ म्हणून घरी झोपून राहणारे असतात, त्यांच्यासाठी सांगतोय.

प्रश्न : नेरूळला आमच्या बिल्डिंगमध्ये कमिटीने माणूस बोलावला, त्याने दुपारी तीन वाजता औषध मारून पोळं खाली पाडलं, पैसे घेऊन गेला. पुढचे दोन दिवस त्याच जागी माश्यांचा घोळका बसून होता आणि आमच्या वॉचमनकाकांना चावल्या. पोळंच नाही तर मग राखण कशाची?

फार चांगला प्रश्न आहे आणि त्या माणसाला कोणीतरी आधी विचारायला हवा होता.

दुपारी तीनला निम्मं घर कामावर असतं. शिकारीला, पाण्याला, लाकडाला गेलेल्या. औषध बसतं ते घरी होत्या त्यांच्यावर. बाकीच्या संध्याकाळपर्यंत परत येतात तर पत्ता बरोबर आहे पण घर नाही. ती जागा त्यांनी आजूबाजूच्या खुणांवरून पक्की पाठ केलेली असते, दुसरं जायला ठिकाण नाही, म्हणून तिथेच बसतात. वर भिंतीवर पोळ्याचे तुकडे, वास, फुटलेल्या माश्यांचा वास, म्हणजे धोक्याची घंटा वाजतच राहिलेली. वॉचमनकाका बरोबर त्याच्याखाली खुर्ची टाकून बसलेले. काकांच्या औषधाचा खर्च कमिटीने द्यावा असं माझं मत आहे, छापा म्हणून सांगितलंय संपादकांना.

करायचं तर अंधार पडल्यावर, जेव्हा सगळ्या आत असतात, पूर्ण सूट घातलेल्या आणि हे काम येणाऱ्या माणसाकडून. पांढरा झगझगीत टॉर्च मारायचा नाही, प्रकाशाच्या दिशेने काही माश्या येतात. पेटवून द्यायचं तर अजिबात नाही, डक्टमध्ये गॅसची पाइप, एसीची वायर, विचार करा. अग्निशमन दलाला १०१ वर विचारून बघायला हरकत नाही. आणि पोळं कोणाच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर नसेल, उंच झाडावर असेल, तर मी म्हणेन राहू द्या, खाली दोरी बांधून पाटी लावा. घरटं सोडून लांब, फुलावर किंवा फळांच्या गाडीवर बसलेली माशी तुम्हाला विचारतही नाही, राखण फक्त घराभोवती असते.

प्रश्न : पनवेलच्या मासळी बाजारात तांबूस-तपकिरी मोठ्या माश्या कोळंबीचे तुकडे कापून नेतात, तेही भर दुपारी. मांस खाणारी वेगळी जात आहे का?

वेस्पा ओरिएंटालिस असावी, तोंड पिवळं आणि पोटावर पिवळा पट्टा आहे का बघा. खाणार ती नाही, वर सांगितलं तसं अळ्यांसाठी पार्सल नेतेय. ही बहुतेक वेळा जमिनीत किंवा पोकळीत घर करते, तोंडाने माती उकरून बाहेर आणून टाकते, आणि बाकीचे किडे सावली शोधतात त्या कडक उन्हात हिचं उकरणं सगळ्यात जोरात चालतं. तेल अवीव विद्यापीठातल्या लोकांनी २०१० साली दाखवलं की तिच्या तपकिरी कातडीवरच्या बारीक रेघा ऊन आत अडकवतात आणि पिवळ्या पट्ट्यातलं झँथोप्टेरिन नावाचं रंगद्रव्य प्रकाश शोषतं. त्याच विद्यापीठातून २०२४ मध्ये आणखी एक गोष्ट बाहेर आली, ही माशी ८० टक्के अल्कोहोल असलेलं साखरपाणी पिऊनही आजारी पडत नाही, वागण्यात फरक नाही, आयुष्यही कमी होत नाही. एकतीस डिसेंबरला हे कोणाला सांगू नका.

प्रश्न : वर्तकनगरला खिडकीच्या छज्जाखाली नाण्याएवढं, उघडं, बिनकव्हरचं पोळं आहे, त्यावर पंधरा-वीस सडपातळ माश्या. या मोठ्या झाल्या की हॉर्नेट होतात का?

नाही होत, माशी कोषातून निघाली की तिची वाढ संपली, लहान माशी ही लहानच जात. ही बहुधा रोपालिडिया, कागदी गांधीलमाशी. आणि तुमच्या छज्जाखाली जे आहे त्यावर आपल्या देशात जगात नाव झालेलं काम झालंय. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं रोपालिडिया मार्जिनाटाच्या पोळ्यांसमोर बसून राहिले, प्रत्येक माशीच्या पाठीवर रंगाचे ठिपके देऊन कोण काय करतं ते लिहीत गेले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच त्यांना दिसलं की माश्यांचे तीन गट पडतात, नुसत्या बसणाऱ्या, भांडणाऱ्या आणि खाणं आणणाऱ्या. सगळ्यांना वाटेल राणी भांडणाऱ्यांत असेल. ती बसणाऱ्यांत निघाली! शांत, कोणाच्या अध्यात ना मध्यात, आणि तरी अंडी फक्त तिचीच, कारण तिची सत्ता मारामारीवर नाही, वासावर चालते.

त्याहून भारी म्हणजे राणीला काढलं की थोड्याच वेळात बाकीच्यांतली एकच कोणीतरी एकदम आक्रमक होते, सगळ्यांना दटावत सुटते, बाकीच्या तिला आव्हान देत नाहीत, काही दिवसांत ती अंडी घालायला लागते आणि मग हळूहळू तीही शांत होते. वारस आधीपासून ठरलेली असते, आपल्याला बघून ओळखता येत नाही, त्यांना बहुतेक माहीत असते. आपल्याकडच्या पक्षांना हे जमेल तो सुदिन.

आता या लहान पोळ्याचा सगळ्यात मोठा शत्रू कोण माहितीये? घोडबंदरच्या ताईंची वेस्पा ट्रॉपिका. ती येते, एकेक खोली उघडून अळ्या-कोष काढून नेते, आणि या बिचाऱ्या फारसा प्रतिकार न करता बाजूला सरकून बसतात. त्यामुळे राखण म्हणजे प्रत्येक वेळी लढाई असं नाही, कधी कधी हरलेलं घर सोडून नव्याने बांधणं स्वस्त पडतं. मुंग्यांसाठी मात्र यांची युक्ती वेगळी, पोळं एका बारीक देठाला टांगलेलं असतं आणि त्या देठाला पोटाच्या टोकातून मुंग्यांना नको असलेलं रसायन चोपडून ठेवतात. तुम्ही खिडकी रोज आपटत नसाल तर राहू द्या, कोबी-टोमॅटोच्या कुंड्यांवरच्या अळ्या त्या फुकटात साफ करतील.

प्रश्न : पाम बीच रोडच्या आमच्या टॉवरला बाहेरून काळं, हातभर लांब पोळं लटकलंय. मधूनच त्यावर लाट उठल्यासारखं होतं, क्रिकेटच्या स्टेडियममध्ये उठते तशी. हे पण हॉर्नेटच का?

हे आग्या मोहोळ, मधमाश्या, आणि ती लाट खूप वेळा हॉर्नेटसाठीच असते! वरच्या थरातल्या माश्या पोट वर उचलतात, शेजारच्या बघून उचलतात, अर्ध्या-एक सेकंदात लाट पोळ्याभर. गेराल्ड कास्टबर्गर यांच्या टीमने नेपाळमध्ये शूटिंग करून २००८ साली दाखवलं की लाट उठली की हॉर्नेट मागे हटते. सातेरी मधमाशीची तऱ्हा आणखी वेगळी, ती पोकळीत राहते आणि आत शिरू पाहणाऱ्या हॉर्नेटला शेकडो जणी मिळून घेरतात, चेंडू करतात आणि अंग थरथरवून तापवतात. जपानमधल्या तिच्या बहिणीच्या चेंडूत ४६ अंशांच्या आसपास तापमान मोजलंय, हॉर्नेटला ते सोसत नाही, मधमाश्यांना थोडं जास्त सोसतं, बराचसा खेळ त्या थोड्याशा फरकाचा. म्हणजे ज्यांच्या पहाऱ्याला आपण घाबरतो त्याच दुसऱ्याच्या दारात अशा भाजून निघतात. तुमच्या मोहोळाला हात लावू नका, खालून फटाके उडवू देऊ नका, फुलोरा संपला की या माश्या बहुतेक स्वतःहून उठून जातात.

प्रश्न : आमच्याकडचं पोळं रिकामं झालंय, दोन महिने एकही माशी नाही. शोकेसमध्ये ठेवलं तर परत येतील का? (कोलशेत)

जुन्या पोळ्यात सहसा कोणी परत राहायला येत नाही, नवी राणी नव्याने सुरुवात करते. आधी लांब काठीने दोन-तीनदा हलवून बघा, तेही लांबूनच, मग काढा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा म्हणजे आत राहिलेले बारीक किडे मरतील (घरच्यांना सांगून ठेवा, नाहीतर कोणीतरी मटार समजून उघडेल). आणि शोकेसमध्ये ठेवायच्या आधी वेष्टण उजेडात धरून बघा. करडे, तपकिरी, पिवळसर असे पट्टे दिसतील, एकेक पट्टा म्हणजे एकेका माशीने एका फेरीत आणलेला लाकडाचा लगदा, वेगळं झाड तर वेगळा रंग. तुमच्या गेटबाहेरच्या जुन्या बांबूच्या परांचीचा रंग त्यात सापडला तर मला फोटो नक्की पाठवा.